कासवाचा फोटो, भेगांचा फोटो: पुरावा म्हणून किती धरायचा?

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसलात की संशोधन पद्धतीच्या मथळ्याखाली एक वाक्य हमखास येतं: ‘क्षेत्रभेटीदरम्यान छायाचित्रे घेतली जातील.’ बस्स. कशाची, कोणत्या दिवशी, किती, आणि त्यातली ठेवायची कोणती, यावर एक ओळही नाही. मीसुद्धा माझ्या पहिल्या मसुद्यात हेच लिहिलं होतं. गाईड सरांनी त्याखाली लाल पेनाने एकच शब्द लिहून कागद परत दिला: ‘मग?’

त्या ‘मग?’चं अर्धं उत्तर मला वेळासच्या समुद्रकिनाऱ्यावर मिळालं आणि उरलेलं अर्धं माजलगावला, आमच्याच शिवारात. आज दोन्ही सांगते, कारण तुम्हालाही हा लाल शब्द कधीतरी भेटणारच आहे.

आधी वेळास. महाराष्ट्रात कॅमेरेवाल्यांचं उन्हाळ्याचं एक ठरलेलं वेळापत्रक असतं. थंडी ओसरता ओसरता उजनीच्या बॅकवॉटरला भिगवणचे फ्लेमिंगो. त्याच सुमारास कोकणात कासवं. मे संपताना, पहिल्या पावसाच्या तोंडावर भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे. मग ज्येष्ठ-आषाढात वारी. शुक्रवारी रात्री बस निघते, रविवारी रात्री परत. मध्ये नाश्ता, मुक्काम आणि ‘हमखास फोटो मिळतील’ असा शब्द. मीही अशाच एका ग्रुपबरोबर गेले. हौस होतीच, खोटं कशाला बोलू?

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीजवळचं गाव. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या तिथल्या वाळूत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी काढून नेली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचं काम सुरू केलं. गावातले कासवमित्र किनाऱ्यावर फिरून मादीचा माग काढतात, अंडी कुंपणाच्या आतल्या सुरक्षित जागेत तशाच खड्ड्यात हलवतात आणि सुमारे ४५ ते ६० दिवस राखण करतात. पिल्लं वर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. यातूनच कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, त्यातून घरांना चार पैसे मिळतात.

आता या महोत्सवातले फोटो डोळ्यांसमोर आणा. तुम्ही वेळासला गेला नसलात तरी हा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. कॅमेरा वाळूला टेकवलेला. ओली, चकाकणारी वाळू. मधोमध एक इवलंसं काळपट पिल्लू. समोर फेसाळती लाट, वर रिकामं आकाश. पिल्लू एकटं, समुद्र अफाट. बघताच गळ्याशी येतं काहीतरी.

फोटो म्हणून तो चांगलाच असतो, आणि खोटा तर अजिबात नसतो. पिल्लू खरं, लाट खरी. माझी तक्रार वेगळी आहे. त्या पिल्लाच्या दोन्ही बाजूंना दोर बांधलेला असतो. दोराच्या पलीकडे माणसांच्या रांगा, खांद्यावर बसलेली पोरं, वर धरलेले मोबाईल. आत उभा असलेला कासवमित्र ‘मागे व्हा, मागे व्हा’ म्हणत असतो. चौकट अशी धरलेली असते की यातलं काहीही आत येत नाही. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, निसर्ग आपला आपण चालू आहे. प्रत्यक्षात ते पिल्लू लाटेपर्यंत पोचलं त्यामागे कुणाच्या तरी पहाटेच्या फेऱ्या आहेत, कुंपण आहे, राखण आहे आणि गावाने मिळून घेतलेला निर्णय आहे. म्हणजे फोटोत जे दिसतं त्याचं कारणच फोटोतून कापलं गेलंय. भिंतीवर लावायला असा फोटो चालतो. प्रबंधात तो ‘संवर्धनाचा पुरावा’ म्हणून लावलात, तर परीक्षक विचारणारच, यात संवर्धन कुठाय?

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या फोनमधली. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी एकही पिल्लू वर आलं नाही. टोपली उचलली, खाली नुसती वाळू. लोक हिरमुसून चहाला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं निघाली आणि सगळे तुटून पडले. घरी येऊन मोजलं, तर सकाळचे १४३ फोटो आणि आदल्या संध्याकाळचा एकही नाही. उद्या कुणी माझा फोन ‘डेटा’ म्हणून घेतला तर निष्कर्ष काय निघेल? वेळासला गेलं की पिल्लं दिसतातच. संशोधनात याला आपण निवडीचा दोष म्हणतो. जे घडलं त्याची नोंद होते, जे घडलं नाही त्याची होत नाही. नियतकालिकांमध्ये ‘काही फरक आढळला नाही’ असे निबंध कमी छापले जातात, त्याचंच हे किनाऱ्यावरचं रूप. रिकाम्या टोपलीचा एक फोटो काढायला मला काय झालं होतं? पण ‘शून्य’ हीसुद्धा नोंद असते हे तेव्हा सुचलंच नाही. कुंपणाच्या आत मात्र घरट्यांची तारीख आणि अंड्यांची संख्या लिहून ठेवलेली होती. त्या नोंदीकडे आमच्यातल्या एकानेही कॅमेरा वळवला नाही.

तिसरी गोष्ट. आमच्यातल्या एकाने फ्लॅश मारला. कासवमित्राने शांतपणे हात आडवा धरला. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, त्याच अंदाजाने त्यांना समुद्र सापडतो. चुकीच्या जागी उजेड पडला की ती भरकटतात. निरीक्षकामुळेच निरीक्षण बदलतं हे आपण पुस्तकात पाठ करतो. इथे ते वीतभर अंतरावर दिसलं.

काजव्यांच्या फोटोंची गंमत आणखी वेगळी. झाड सोन्याच्या ठिपक्यांनी भरून गेलेला जो फोटो तुम्ही पाहता, तो बहुतेक वेळा एका क्षणाचा नसतो. कॅमेरा तिपाईवर ठेवून एकामागून एक अनेक फोटो घेतात आणि संगणकावर एकावर एक रचतात. तासाभराचे काजवे एका चौकटीत. तुम्ही वर्षभराची आकडेवारी एका तक्त्यात घालता, तेव्हा हेच करत असता. त्यात गैर काही नाही. फक्त खाली लिहा की ही बेरीज आहे. ती एका रात्रीची गर्दी म्हणून खपवली की गडबड होते.

मग सहलीच्या फोटोंतून गंभीर काम होऊच शकत नाही का? होतं. त्यासाठी थोडं लांब जाऊ, ब्रिटनच्या किनाऱ्यावर. तिथे उन्हाळ्यात समुद्रावर जाणं ही मोठीच परंपरा आहे आणि तिथले चांगले छायाचित्रकार लाटांऐवजी माणसांकडे वळले. टोनी रे-जोन्स १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात समुद्रकाठच्या गावांतले उत्सव आणि सुट्ट्या टिपत फिरला. त्याचं ‘अ डे ऑफ’ हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९७४ मध्ये आलं. पुढे मार्टिन पार याने १९८३ ते १९८५ या काळात लिव्हरपूलजवळच्या न्यू ब्रायटनला रंगीत फोटो काढले. ते ‘द लास्ट रिसॉर्ट’ या नावाने १९८६ मध्ये पुस्तकरूपात आले. भर उन्हात फ्लॅश, भडक रंग, आईस्क्रीम सांडलेली पोरं, ओसंडून वाहणारा कचरा आणि त्या सगळ्याच्या मधोमध निवांत पहुडलेली कामगार कुटुंबं. लंडनला प्रदर्शन झालं तेव्हा वाद पेटला. हा मध्यमवर्गीय माणूस गरिबांची टर उडवतोय, असं काही समीक्षकांचं म्हणणं होतं.

मला हे काम वेळासच्या फोटोंपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. एक तर पार तिथे एका रविवारपुरता गेला नव्हता. तो तेव्हा शेजारीच राहत होता आणि उन्हाळ्यामागून उन्हाळा तिथे जात राहिला. दुसरं, दोरापलीकडची गर्दी त्याने चौकटीच्या आत घेतली. तरीही त्याला डोळे झाकून पुरावा धरू नका. सुट्टीच्या दिवशी जिथे तुडुंब गर्दी, तिथेच कचराही जास्त साचणार. नोव्हेंबरातल्या मंगळवारचं न्यू ब्रायटन त्या पुस्तकात नाही. त्याच गावात टॉम वूड नावाचा छायाचित्रकार अनेक वर्षं राहिला. लोक त्याला ‘फोटी मॅन’ म्हणायचे, म्हणजे आपला फोटोवाला. त्याच्या फोटोंत तीच माणसं जरा सैलावलेली दिसतात. गाव तेच, काळ जवळपास तोच, तरी पुरावा वेगळा. यातला खरा कोण, असं विचारू नका. कोण किती दिवस राहिला आणि लोक त्याला काय म्हणून ओळखत होते, ते विचारा.

आता माजलगाव. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठला समुद्र आणि कसल्या सहली? पण उन्हाळ्यात कॅमेरे आमच्याकडेही येतात. ते भेगा टिपायला येतात. २०१६च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षी, मराठवाड्याचा एक फोटो सगळीकडे फिरला: तडकलेली जमीन, वर पांढरं आकाश, जमल्यास एक म्हातारा डोक्याला हात लावून. दुष्काळ खरा होता, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच, की भेगांच्या फोटोने तो सिद्ध होतो का?

माझा विषय माजलगाव धरणाच्या काठच्या गावांमधला उन्हाळ्यातला पाणीवापर. सिनॉप्सिसच्या सादरीकरणासाठी मी पहिल्याच स्लाईडला भेगांचा फोटो लावला होता. आमच्याच शेताचा, एप्रिलमधला. घरी सराव करताना काका मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “अगं बाई, ह्या भेगा तर दरसाली पडतात. जमीन तापली, भेगाळली की पहिल्या पावसाचं पाणी खोल जातंय. ह्याला दुष्काळ कोण म्हणतं?”

माझा चेहरा पडला. पण बरोबर होतं त्यांचं. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून चांगला पाऊस झालेल्या वर्षीही वैशाखात भेगा असतातच. सिंदफणेवरच्या आमच्या धरणाचं पाणी मागे सरकलं की गाळही तसाच तडकतो. तो फोटो धरणातला आहे की शेतातला, हे जवळून घेतलेल्या चौकटीत कळत नाही. आणि हे धरण फक्त सिंदफणेच्या पाण्यावर नाही. ते जायकवाडी प्रकल्पाचा भाग आहे, पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणीही त्यात येतं. म्हणजे इथला गाळ का उघडा पडला, याचं उत्तर इथल्या पावसाबरोबर तिकडच्या वाटपातही असू शकतं.

माझी दुसरी स्लाईड होती कुलूप लावलेल्या घरांची. खाली लिहिलं होतं ‘पाण्याअभावी स्थलांतर’. फोटो फेब्रुवारीचा. आता बीड जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा, फेब्रुवारीत दाराला कुलूप का असतं? ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. त्या जाण्यामागे पाणी आहेच, पण उचल आहे, कर्ज आहे, जमिनीचा तुकडा अपुरा असणं आहे. माझ्या फोटोने हे सगळं एका कुलपात बंद केलं होतं. वेळासच्या फोटोवाल्यांना नावं ठेवत मी घरी आले आणि आमच्याच गल्लीत तेच केलं. तेही गल्लीतली सगळी माणसं ओळखीची असताना!

म्हणून फोटो वापरण्याआधी चार प्रश्न विचारत चला. दिवस कोणी ठरवला, विषयाने की तुमच्या सुट्टीने? चौकटीच्या बाहेर काय उभं होतं? ज्या दिवशी काही घडलं नाही, त्या दिवसाचा फोटो आहे का? आणि हाच फोटो चांगल्या वर्षीही असाच आला असता का? माझ्या भेगा या चौथ्या प्रश्नावरच नापास झाल्या. फोटोत माणूस असेल तर पाचवा प्रश्न: त्याला विचारलंत का, आणि हा फोटो कुठे लागणार हे त्याला नीट कळलंय का?

फोटो काढूच नका, असं मी म्हणत नाही. वेळासला जरूर जा, फ्लॅश बंद ठेवून जा. पण एक फोटो कासवाचा काढलात तर एक दोराचा काढा, एक नोंदीच्या पाटीचा आणि एक रिकाम्या टोपलीचा.

माझ्या सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: ‘धरणकाठच्या तीन ठरलेल्या जागांवरून, एकाच दिशेने, जानेवारी ते जून दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या सोमवारी छायाचित्र घेतले जाईल. उल्लेखनीय काही नसले तरी घेतले जाईल. सर्व छायाचित्रे जतन केली जातील आणि प्रबंधातील छायाचित्रांची निवड कशी केली ते नमूद केले जाईल.’ त्याच तारखांचा धरणातला पाणीसाठा शेजारी मांडायचा, असंही पुढे लिहिलंय.

सरांनी ते वाचलं, मान हलवली आणि ‘तीन ठरलेल्या जागां’खाली लाल रेघ ओढली. शेजारी लिहिलं: ‘याच तीन का?’

बसलेय आता त्याचं उत्तर लिहीत.