तुकोबा रंगमंचावर येत नाहीत

इंजिनीअरिंगची चार वर्षं मी अभ्यासापेक्षा नाटकच जास्त केलं. पुरुषोत्तम करंडकासाठी रात्र रात्र तालमी, भरत नाट्य मंदिरात लाइट्सच्या क्यू-शीटवर डोळे लावून बसणं, निकालाआधी पोटात येणारा गोळा. मग नोकरी लागली आणि नाटक सुटलं. लॉकडाउनमध्ये रेकॉर्ड केलेली नाटकं लॅपटॉपवर लावून पाहिली. दहाव्या मिनिटाला मी दुसरा टॅब उघडायचे. शेवटी ठरवून टाकलं, की आपल्याला नाटक कधी आवडत नव्हतंच, तो ग्रुप आवडत होता.

हा समज ‘संगीत देवबाभळी’नं मोडला. तेही मी स्वतःहून गेले नव्हते. आईला जायचं होतं आणि तिला कोथरूडला घेऊन जायला कोणीतरी हवं होतं.

प्राजक्त देशमुख यांनी लिहिलेलं आणि दिग्दर्शित केलेलं हे नाटक २०१७मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आलं. तुकोबांसाठी भाकरी घेऊन भंडारा डोंगराकडे निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो. तो विठ्ठल काढतो, आणि जखम भरेपर्यंत रखुमाईला लखुबाई होऊन आवलीच्या घरी राहावं लागतं. आवली गरोदर आहे, चिडलेली आहे. ज्या देवाला ती शिव्या घालते, त्याचीच बायको आपली सेवा करतेय हे तिला माहीत नाही. आपल्याला माहीत आहे.

अख्ख्या नाटकात पात्रं दोनच. शुभांगी सदावर्ते आवली, मानसी जोशी लखुबाई. ज्यांच्याबद्दल सगळं बोलणं चाललंय, ते दोन पुरुष दिसतच नाहीत. सिनेमात हे जमलं नसतं असं नाही; पण तिथे कॅमेरा कधीही डोंगरावर जाऊ शकतो, ही शक्यता आपल्या डोक्यात राहते. नाट्यगृहात तुकोबा यायचे तर विंगेतूनच येणार. म्हणून सुरुवातीला मी सारखी विंगेकडे बघत होते. मध्यंतरापर्यंत बघणं सोडून दिलं. आवलीनं ते कितीतरी आधी सोडलंय. तिच्या संसाराची गोष्ट कळायला मला तिच्याबरोबर वाट बघावी लागली, आणि लॅपटॉपवर मी नेमकी तेवढीच गोष्ट करत नव्हते.

नाटक निर्दोष नाही. काही ठिकाणी वाक्यं टाळीसाठी थांबल्यासारखी वाटतात. चुलीपुढची आवली आणि पंढरपूरची रखुमाई या दोघी अधूनमधून एकाच लेखकाच्या आवाजात बोलतात. इतकं घोटीव वाक्य रागाच्या भरात कोणाला सुचेल, असं मनात येतं. पण दोघी प्रत्यक्ष गातात. कामं करता करता गाणं सुरू होतं, दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वास ऐकू येतो, आणि संवादात सारख्या वाटलेल्या दोघी गाताना वेगळ्या होतात. तो श्वास स्टुडिओत पुसून टाकला असता.

आणखी एक गोष्ट. आवली विठ्ठलाचा उद्धार करायला लागली की सगळं नाट्यगृह हसतं. शेजारी बसलेली आई प्रत्येक वेळी इतरांच्या थोडी आधी हसत होती. वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच. मला आधी वाटलं, तिनं नाटक वाचलं असेल. मग लक्षात आलं, की पुढचं वाक्य काय असणार हे तिला वाचायची गरज नव्हती. घरी जेवण मांडून ज्यांची वाट बघितली, त्यांत आधी बाबा होते. गेली चार वर्षं, वर्क फ्रॉम होम सुरू झाल्यापासून, मी आहे. तुकोबांकडे निदान अभंग होते.

आता मी महिन्यातून एखादं नाटक बघते, फोन बंद करून. रेकॉर्डिंग वाईट होती म्हणून मी तेव्हा कंटाळले, असं आता म्हणवत नाही. मी तिथे नव्हते, एवढंच.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलवर असताना आई लॅपटॉपशेजारी ताट ठेवून गेली. ‘निवेल,’ एवढंच म्हणाली. मी म्यूटवर होते, तरी काही बोलले नाही.