‘मंथन’ : म्हस खाती काय?

‘मंथन’ आपल्या कार्यकर्त्या पोरांना आवडतो, आणि तो आवडण्यासारखाच आहे. दूध सोसायटीच्या निवडणुकीत सरपंच पडतो, वस्तीतला माणूस निवडून येतो, तेव्हा आपण टाळ्या पिटतो. १९७६ साली, हिंदी सिनेमात, एवढं दाखवायला छाती लागत होती. त्या टाळ्या परत घ्यायला मी बसलेलो नाही. पण २०२४ साली या सिनेमाची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कानच्या महोत्सवात दाखवली गेली, आपल्याकडे थेटरांतही पुन्हा लागली आणि पेपरांतून कौतुकाचा पूर आला. मी जेवढं वाचलं त्यात श्याम बेनेगल होते, स्मिता पाटील होती, व्हर्गीस कुरियन होते, सहकाराचा विजय होता. धार कोण काढतं आणि सोसायटीच्या वहीत नाव कुणाचं, हा प्रश्न काही कुठे दिसला नाही. पांढरपेशा समीक्षकाच्या घरी दूध पिशवीतून येतं, त्याला तो पडायचं कारणही नाही. आपलं तसं नाही.

सुरुवात श्रेयनामावलीपासूनच करू. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढले, त्या दहा लाखांत हा सिनेमा झाला, आणि पडद्यावर तसं अभिमानानं लिहिलेलं आहे. थोर गोष्ट आहे, खोटं कशाला बोला. पण हे उत्पादक म्हणजे कोण? सोसायटीचे सभासद. सभासद कोण? ज्याच्या नावावर वही. आणि वही बहुतेक घरांत बाप्याच्या नावावर. पहाटे उठून शेण काढणारी, वैरण आणणारी, पाणी पाजणारी, धार काढणारी बाई या पाच लाखांत किती मोजली गेली? तिच्या हातच्या दुधातून दोन रुपये कापले गेले आणि नाव लागलं बाप्याचं. म्हंजे सिनेमा सुरू व्हायच्या आधीच सिनेमाची गोष्ट घडून गेलेली आहे.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर राव (गिरीश कार्नाड) गुजरातेतल्या एका खेड्यात सोसायटी काढायला येतो. खाजगी डेअरीवाला मिश्रा (अमरीश पुरी) गरिबांचं दूध मातीमोलानं उचलतो आहे. सरपंचाला सोसायटी चालेल, पण आपल्या मुठीत. वस्तीचा पुढारी भोला (नसीरुद्दीन शाह) शहरी बाबूवर विश्वास ठेवायला तयार नाही, आणि त्याला तसं कारण आहे. विजय तेंडुलकरांची पटकथा इथे पक्की आहे. सहकाराची चादर जातीच्या उतरंडीवर टाकली की काय होतं, ते त्यांनी लपवलेलं नाही. सरपंच हरतो आणि वस्ती पेटते. (सिनेमा आपल्याला ‘हरिजन’ म्हणतो. बाबासाहेबांनी तो शब्द नाकारला, आपणही नाकारतो. पुढे जाऊ.)

मग बिंदू. स्मिता पाटीलनं ही बाई अशी उभी केलीय की आपल्या आया-मावश्या आठवाव्यात. डोळा वर करून बोलते, कुणाचं ऐकून घेत नाही. पण पटकथा तिला काम काय देते ते बघा. भोलाला प्रश्न दिलाय : सोसायटी कुणाची? बिंदूला दिलंय डॉक्टरकडे बघणं. भोला भांडतो, माणसं जमवतो, शेवटी सोसायटी अंगावर घेतो. बिंदू सोसायटीच्या दारापर्यंत येते आणि तिथून गोष्ट तिला डॉक्टरच्या मनाच्या ओसरीवर नेऊन बसवते. वस्तीतल्या पोरीची तर त्याहून वाईट गत. रावचा सहकारी चंदावरकर (अनंत नाग) तिच्याशी संबंध ठेवतो. राव त्याला परत धाडतो, सोसायटीवर बालंट नको म्हणून. आणि ती पोरगी? योजनेची माणसं येतात नि जातात. पोरगी त्याच गावात राहते. तिच्यावर एक अख्खा सिनेमा निघाला असता.

आमच्या समाजमंदिरात आम्ही हा सिनेमा भिंतीवर दाखवला. पोरं भोलावर बोलली, चांगली बोलली. मागं बसलेल्या एका आजीनं मध्येच विचारलं, “आरं पोरांनो, त्या बाईची म्हस खाती काय?” पोरं हसली. मला मात्र एवढी नेमकी समीक्षा कुठल्या पेपरात वाचायला मिळालेली नाही. या सिनेमात दूध मोजतात, फॅट मोजतात, मतं मोजतात. वैरण कोण मोजतो?

ज्याला जमीन आहे त्याच्या घरी कडबा आहे, ढेप घ्यायला उधारी आहे. भूमिहीनाच्या दारात म्हैस बांधली की बाईच्या दिवसाचे तास वाढतात. दिवसभर खुरपायचं आणि येताना दुसऱ्याच्या बांधावर गवत कापायचं. बांधाचा मालक विळा हिसकावतो, भारा सोडून द्यायला लावतो, आणि बाई एकटी सापडली तर काय करतो ते मी इथं लिहायची गरज नाही. वर्गणी भरून सभासद होता येतं हो, पण बांधावर जात आडवी येते.

ही गुजरातची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. ‘ऑपरेशन फ्लड’ १९७० ला सुरू झालं नि १९९६ पर्यंत चाललं. त्याच काळात, १९८० पासून, एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर लागू झाला आणि महाराष्ट्रातल्या वस्त्यांतही कर्जाची म्हैस आली. अनुसूचित जातीला निम्मी सूट, निम्मं कर्ज. कानात बिल्ला घातलेली म्हैस. कर्ज नवऱ्याच्या नावावर, म्हैस बायकोच्या गळ्यात. वैरण नाही म्हणून दूध नाही, दूध नाही म्हणून हप्ता नाही. भाकड झाली की विकायची. मेली तर बिल्ल्याचा कान घेऊन विम्याच्या मागं फिरायचं. जिथं दूध निघालं तिथंही वेगळंच झालं. आधी थोडंफार ताक लेकरांच्या पोटात जायचं, डेअरी दारात आल्यावर चरवी तळापर्यंत रिकामी व्हायला लागली. पैसे नवरा घेऊन येतो, आणि वाटेत गुत्ता असतो.

बायकांपर्यंत काही पोचत नाही हे सरकारच्याही ध्यानात आलं, म्हणून १९८२ साली त्यांच्यासाठी वेगळं ‘ड्वाकरा’ काढावं लागलं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं बायकांना सोसायटीत पुढे आणायचा खास कार्यक्रम काढला तो १९९५ ला. पंचवीस वर्षं धार काढून झाल्यावर!

आता त्या अंगठ्याबद्दल. रावला उखडायला मिश्रा खोटी तक्रार रचतो, रावनं बाईवर हात टाकला म्हणून, आणि त्या कागदावर बिंदूचा अंगठा घेतला जातो. माझ्या मते सबंध सिनेमातली सगळ्यात खरी गोष्ट ही आहे. योजनेचा आणि बाईचा संबंध असाच असतो. कागद दुसऱ्याचा, मजकूर दुसऱ्याचा, अंगठा तिचा. कर्जाच्या फॉर्मवर असंच. पुढे राखीव जागेवर सरपंच झाली तरी कितीदा असंच. पण बेनेगल-तेंडुलकर या अंगठ्याचं करतात काय? ते त्याचं रावचं दुःख करून टाकतात. रावची बदली होते, तो गाडीत बसतो, भोला गाडीमागं धावतो, आपलं मन भरून येतं. ‘मला तो कागद वाचून का नाही दाखवला’ असं बिंदूनं ओरडून विचारायला पटकथेत जागा नाही. आणि तक्रार बलात्काराचीच, तीही खोटी, का लागावी? १९७२ साली आपल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी पोरीवर अत्याचार झाला. १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या पोलिसांना सोडून दिलं. या दोन सालांच्या मधोमध हा सिनेमा आला. बाईची खोटी तक्रार ही कथेची सोय म्हणून वापरताना मराठी लेखकाला थोडं तरी अडखळायला हवं होतं.

राव गावात दोन गोष्टी आणतो, फॅटचं यंत्र आणि मतपेटी. गायरान त्याच्या डोक्यात येत नाही, कारण ते योजनेत नव्हतं. म्हैस वाटा, कोंबड्या वाटा, शिलाई मशीन वाटा. जे कुणाकडून तरी काढून घ्यावं लागेल त्याला हात लावू नका, अशीच या कार्यक्रमांची आखणी. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा मागणी पडीक जमिनीची होती, आणि बायका लेकरांसकट तुरुंगात गेल्या होत्या. त्या बायकांना आजीचा प्रश्न कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

१९९१ च्या शासननिर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची आपली अतिक्रमणं नियमित करायचं कबूल केलं. गावोगाव याद्या झाल्या, कितीक ठिकाणी आपल्याच संघटनांच्या माणसांनी अर्ज लिहिले. त्या रानात दगड वेचायला, बांध घालायला, पहिली पेरणी करायला बाई होतीच. यादीत ती आहे का? नवरा मेल्यावर विधवा म्हणून चढलेली नावं धरू नका. जित्या नवऱ्याच्या बरोबरीनं लागलेली नावं मोजा. पुढच्या बैठकीला प्रत्येकानं आपल्या गावच्या यादीची नक्कल घेऊन यावं. तलाठी देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, तीस दिवस लागतील. ‘मंथन’वरची उरलेली चर्चा तेव्हा करू, आणि त्या आजींनाही बोलावू.