दिवाणखान्यातील ग्रंथ : शोभा आणि उपयोग

ग्रंथ हा वाचण्यासाठी असतो, हे विधान इतके सर्वमान्य आहे की त्याची सिद्धता मागण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि गृहस्थाच्या दिवाणखान्यातील ग्रंथांची मांडणी पाहिली असता ते तेथे निरपवादपणे लागू पडते असे म्हणता येत नाही. पुठ्ठ्यांच्या रंगांनुसार लावलेल्या रांगा, एकाच बांधणीचे संच, मधून मधून ठेवलेल्या मूर्ती, आणि ह्या सर्वांपुढे काच, अशी ही मांडणी असते. अलीकडे तर ग्रंथाची पाठ भिंतीकडे आणि पाने बाहेर करून ठेवण्याचीही रीत दिसते. तीत ग्रंथाचे नावच दृष्टीआड होते. अशा मांडणीत रंग प्रधान आणि अक्षर गौण ठरते, हे उघड आहे.

ह्या प्रथेवर होणारी टीका बहुधा एकाच शब्दावर येऊन थांबते : ढोंग. ती टीका निराधार नाही. परंतु ती अपुरी आहे. ग्रंथ कोणी मांडला, कोणत्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर मांडला आणि मांडलेला ग्रंथ पुन्हा हाती येऊ शकतो काय, हे प्रश्न तीत विचारलेच जात नाहीत. ह्या प्रश्नांच्या आधारे शोभा आणि उपयोग ह्यांमधील विरोध कितपत खरा आहे हे तपासणे अगत्याचे आहे.

१

शोभेच्या ग्रंथांचा उपहास हा आधुनिक काळाचा शोध नव्हे. पहिल्या शतकातील रोमन तत्त्वचिंतक सेनेका ह्याने मनःशांतीवरील आपल्या निबंधात, ग्रंथांना भोजनगृहाचा अलंकार करणाऱ्या धनिकांची कठोर हजेरी घेतली आहे. अलेक्झांड्रिया येथे जळालेल्या चाळीस हजार ग्रंथांबद्दल इतरांनी गौरवोद्गार काढले, तेथेही त्याला विद्याप्रेमापेक्षा प्रदर्शनच अधिक दिसले. पुरेसे ग्रंथ असावेत, देखाव्यासाठी एकही नसावा, हा त्याचा निष्कर्ष.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन ह्याने १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच विचार समाजशास्त्रीय पातळीवर नेला. विल्यम मॉरिस ह्याच्या केल्मस्कॉट मुद्रणालयाची हाताने छापलेली, वाचनास तितकीशी सोयीची नसलेली महागडी पुस्तके हे त्याच्या मते प्रतिष्ठेसाठी केलेल्या व्ययाचेच उदाहरण होते. पुढे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय ह्याने 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना मांडताना एक मार्मिक भेद केला. चित्र किंवा ग्रंथ ही वस्तू पैसे देऊन मिळविता येते. परंतु तिचा खरा उपभोग घेण्याची पात्रता दीर्घ संस्कारानेच अंगी येते. दिवाणखान्यातील काचेआडचा संच हा बहुधा पहिल्याच्या आधारे दुसऱ्याचा आभास निर्माण करीत असतो.

ही मीमांसा मान्य केली तरी तिची मर्यादा लक्षात घ्यावयास हवी. ग्रंथ ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होते अशा वर्गाला समोर ठेवून ती प्रामुख्याने रचलेली आहे. ग्रंथ ज्यांना नाकारला गेला त्यांच्या फळीचा अर्थ तिच्या साहाय्याने पुरता उलगडत नाही.

२

मराठी परंपरेत शोभेला ग्रंथव्यवहारातून बहिष्कृत केलेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचे निरूपण करतो. अक्षर वळणदार व पाहताच समाधान देणारे असावे, देशोदेशींचे बोरू, शाई व कागद जमवावेत, इथपासून बासने, मेणकापडे, पेट्या व कुलपे ह्यांपर्यंतचा तपशील त्यात येतो. समर्थांना ग्रंथाचे रूप उपेक्षणीय वाटत नाही. मात्र ह्या रूपाचे प्रयोजन स्पष्ट आहे : अक्षर सुंदर असावयाचे ते वाचणाऱ्याचे मन ओढून घेण्यासाठी, आणि बासन बांधावयाचे ते पोथी टिकावी म्हणून. शोभा ही वाचनाची सेविका आहे.

दुसरे उदाहरण नवरात्रातील सरस्वतीपूजनाचे. मूळ नक्षत्रावर ग्रंथरूप देवीचे आवाहन करावे, श्रवण नक्षत्रावर विसर्जन करावे आणि मधल्या काळात अध्ययन व लेखन बंद ठेवावे, असा शास्त्राचा संकेत आहे. ग्रंथ केवळ पाहावयाचा, उघडावयाचा नाही, अशी ही अवस्था आहे. परंतु तिला मुदत आहे. विसर्जनानंतर ग्रंथ पुन्हा अभ्यासकाच्या हाती यावयाचा असतो. काचेच्या कपाटातील ग्रंथाचे वैगुण्य त्याची पूजा होते ह्यात नाही, त्या पूजेला विसर्जनच नाही ह्यात आहे.

अशा कायम बंद ठेवलेल्या ग्रंथाला कोकणपट्टीचे हवामानही साथ देत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटात ओल कोंडते, कागदाला बुरशी येते, बांधणीच्या खळीवर कसर लागते. उन्हाच्या तिरिपीत पुठ्ठ्यांचे रंग उडतात. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला हे उपाय काही अंशीच चालतात. ग्रंथाला वारा लागणे आणि तो वेळोवेळी हाताळला जाणे ही त्याच्या रक्षणाची पहिली अट आहे. जो ग्रंथ वाचला जात नाही त्याची शोभाही फार काळ टिकत नाही.

३

मुंबईच्या पूर्व उपनगरातील देवनार हा परिसर ह्या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. १९२७ पासून शहराचा कचरा येथील क्षेपणभूमीवर येऊन पडत आला. १९३६ साली सामाजिक कार्याच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली आणि पुढे टाटा समाजविज्ञान संस्था ह्या नावाने ओळखली जाऊ लागलेली संस्था १९५४ मध्ये येथेच स्थलांतरित झाली. सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाचे तिचे ग्रंथालय देशातील समाजशास्त्रीय अभ्यासकांना परिचित आहे. ह्या दोहोंच्या दरम्यान एकीकडे नव्या उत्तुंग इमारती आणि दुसरीकडे गोवंडीपर्यंत पसरलेल्या दाट वस्त्या आहेत. ग्रंथाचे मूल्य ठरविण्याच्या तीन रीती येथे शेजारी शेजारी नांदतात. ग्रंथालयात तो विषयाने ओळखला जातो, सजविलेल्या दिवाणखान्यात रंगाने आणि रद्दीच्या दुकानात वजनाने.

वस्त्यांतील घरांत मात्र चौथी रीत आढळते. आंबेडकरी कुटुंबाच्या दहा बाय बाराच्या खोलीत भगवान बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या तसबिरींलगतच्या फळीवर चार-दोन ग्रंथ मांडलेले असणे ही अपरिचित गोष्ट नाही. दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जमणारा समुदाय शिवाजी पार्कवरील दुकानांतून जे घरी नेतो त्यात ग्रंथांचे स्थान मोठे असते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे जाडजूड इंग्रजी खंडही अशा घरांत पोहोचले आहेत. घरातील प्रत्येकाने ते वाचले असतील असे नाही. मग ह्या फळीलाही ढोंग म्हणावयाचे काय?

ह्याचे उत्तर दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' ह्या वास्तूच्या इतिहासात शोधले पाहिजे. शाळेत ज्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि म्हणून फारसी घ्यावी लागली, त्या बाबासाहेबांनी १९३० नंतरच्या दशकात आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा मिळावी हे प्रधान प्रयोजन ठेवून हे घर बांधले. येथे घरासाठी ग्रंथ आणलेले नव्हते, ग्रंथांसाठी घर उभे केलेले होते. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा ह्या संग्रहाचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी तेथे गेला. संग्रह, प्रदर्शन आणि वितरण ह्या तिन्ही अवस्था येथे एका सूत्रात गुंफलेल्या दिसतात.

वस्तीतील फळी ही ह्याच परंपरेची वारस आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराचा अधिकार नव्हता त्यांनी ग्रंथ सर्वांना दिसेल अशा जागी ठेवणे हे संपत्तीचे प्रदर्शन नसून अधिकाराचे प्रकटीकरण आहे. तो ग्रंथ आज वाचला गेला नसेल. परंतु घरातील मुलाने तो उद्या वाचावा ही अपेक्षा त्या मांडणीत अनुस्यूत आहे. व्हेब्लेनची दृष्टी भूतकाळात मिळविलेल्या प्रतिष्ठेकडे पाहते. ही फळी भविष्याकडे पाहते. तथापि ह्या विवेचनाने तिलाही परीक्षेतून सूट मिळत नाही. तसबिरीप्रमाणे ग्रंथालाही केवळ हार घातला जाऊ लागला आणि तो खाली काढणे अनादर मानले जाऊ लागले, तर अधिकाराचे चिन्ह उरेल आणि अधिकार मात्र वापराविना राहील.

४

शोभा आणि उपयोग ह्यांचा मेळ घालण्याचा एक अलीकडील प्रयोग सातारा जिल्ह्यातील भिलार येथे झाला. पाचगणी व महाबळेश्वर ह्यांच्या दरम्यान असलेले हे स्ट्रॉबेरीचे गाव महाराष्ट्र शासनाने ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' म्हणून घोषित केले. आरंभी सुमारे पंचवीस ठिकाणी पंधरा हजारांच्या आसपास पुस्तके ठेवण्यात आली. ही ठिकाणे बहुतांशी ग्रामस्थांची राहती घरे आहेत. भिंती चित्रकारांनी रंगविल्या, घराघराला कथा, कविता, संतसाहित्य असे विषय वाटून दिले, आणि येणाऱ्याने विनामूल्य बसून वाचावे अशी सोय केली. वेल्समधील हे-ऑन-वाय हे गाव ह्यामागील प्रेरणा असली तरी तेथील व्यवहार जुन्या पुस्तकांच्या विक्रीचा आहे, भिलारचा आतिथ्याचा. येथेही घर पुस्तकांनी सजले आहे. परंतु सजावटीने पाहुण्याला पुस्तकाकडे बोलावले आहे, दूर ठेवलेले नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र ग्रंथ उपयोगासाठी आहेत असे सांगते. त्याचे विवरण करताना त्यांनी मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळदंडांनी फळीला जखडले जात ह्या प्रथेची आठवण दिली आहे. त्या साखळ्या गेल्या. परंतु रंगसंगती बिघडेल म्हणून ग्रंथ जागचा हलू न देणारी मांडणी ही साखळीचेच काम करते. त्या साखळीने निदान वाचकाला जागेवर वाचू दिले होते.

ह्या विवेचनावरून असे दिसते की घरातील ग्रंथफळीचे मूल्यमापन तिच्या देखणेपणावरून अथवा ग्रंथसंख्येवरून करणे अप्रस्तुत आहे. 'हे सगळे वाचले आहे काय' हा पाहुण्याचा नेहमीचा प्रश्नही तितकाच गैरलागू आहे. कारण न वाचलेला ग्रंथ हा अभ्यासकाच्या संग्रहाचा दोष नसून त्याची गरज असते. देवनारसारख्या परिसरात ह्या विषयाची पाहणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत. फळीवरील ग्रंथ घरातील कोणाच्या हाताला येतो? मुलाला आणि स्त्रीला तो मोकळेपणाने काढता येतो काय? तो शेजाऱ्याला उसना मिळतो काय? आणि घर बदलताना तो ग्रंथालयात जातो, दुसऱ्या वाचकाकडे जातो की तराजूत पडतो? ह्या प्रश्नांची उत्तरे ज्या घरात समाधानकारक मिळतील तेथे ग्रंथ रंगानुसार लावले आहेत की विषयानुसार, ह्याची चिंता समीक्षकाने करण्याचे कारण नाही.