वाङ्मयातील श्वान आणि दारातला कुत्रा

मराठी वाङ्मयाने कुत्र्यास काय दिले, याचा कोणी हिशेब मांडू लागला तर त्याला दोनच रकमा आढळतील. एक निष्ठेच्या स्तुतीची आणि दुसरी शिवीची. स्वामिनिष्ठेचा दाखला हवा असला की आपण कुत्र्यास सिंहासनाशेजारी आणून बसवितो. मनुष्याच्या दुर्दशेचे वर्णन करावयाचे झाले की 'कुत्र्याचे जिणे' आणि 'कुत्र्याची मौत' हे शब्द आपल्या जिभेवर तयारच असतात. या दोन टोकांच्या मध्ये जो प्राणी प्रत्यक्ष जन्मतो, भुकेला होतो, चावतो, विण्यास बसतो आणि मरतो, त्याच्याकडे आपल्या लेखकांचे लक्ष क्वचितच गेले. तो प्राणी आज न्यायालयाच्या दारात उभा आहे, आणि त्याच्याविषयी बोलण्यास आपल्याजवळ धड शब्दही नाहीत. या उणिवेचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ महाभारतापासून करणे योग्य होईल. कारण त्या ग्रंथाच्या दोन्ही टोकांस कुत्रा आहे, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानात सहसा येत नाही. आदिपर्वातील पौष्यपर्वात जनमेजयाच्या सत्रमंडपात एक कुत्रे येते. त्याने हविर्द्रव्यास तोंड लावलेले नसते, तरी जनमेजयाचे भाऊ त्यास मारतात. त्याची आई सरमा मंडपात येऊन विचारते की, माझ्या पोराचा अपराध काय? त्या प्रश्नास राजकुळातील कोणीही उत्तर देत नाही. तेव्हा, निरपराध्यास मारलेत म्हणून तुम्हांस अदृष्ट भय प्राप्त होईल, असा शाप देऊन ती निघून जाते. ग्रंथाच्या शेवटी, महाप्रस्थानिक पर्वात, युधिष्ठिर आपल्यामागून आलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारतो.

या दोन प्रसंगांपैकी दुसरा आपण घरोघर सांगितला आणि पहिला विसरलो. असे का झाले असावे? माझ्या मते, दुसरा प्रसंग आपल्या सोयीचा आहे. त्यातील कुत्रा कुत्रा राहत नाही. तो धर्म असल्याचे उघड होते. कथाकाराने परीक्षा घेतली खरी, पण तिचे उत्तर त्याने लागलीच फोडले. श्रोता निःश्वास सोडून घरी जातो, कारण युधिष्ठिराने एका सामान्य जनावरासाठी स्वर्ग पणास लावला, हे अवघड सत्य त्यास पचवावे लागत नाही. समजा, तो कुत्रा अखेरपर्यंत कुत्राच राहिला असता! अंगावर लूत असलेला, पायात लंगडणारा, असा कुत्रा स्वर्गाच्या दारात उभा राहिला असता, तर युधिष्ठिराची करुणा कमी खरी ठरली असती काय? उलट ती अधिक खरी ठरली असती. सरमेच्या कथेत असा दिलासा नाही. तेथे आई आईच आहे, पोर पोरच आहे, आणि प्रश्न अनुत्तरित आहे. काव्य या दृष्टीने मला ती कथा अधिक धीट वाटते.

धर्माचे रूपक होऊन कुत्र्याने अदृश्य व्हावे, ही आपली पुढेही रीत राहिली. दत्तात्रेयांच्या पायाशी बसलेली चार कुत्री चार वेद झाली. खंडोबाच्या उपासनेत वाघ्या म्हणविणारा भक्त स्वतः देवाचा कुत्रा झाला. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणाऱ्या नामदेवांच्या आख्यायिकेतही शेवटी त्या कुत्र्याच्या ठायी विठ्ठलच दिसावयाचा असतो. यांतील भाव उदात्त आहे, हे मी नाकारीत नाही. पण ज्या जनावरात देव दिसला नाही त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न या सर्व कथा मागे ठेवून जातात.

अर्वाचीन काळात रायगडावरील वाघ्याची तीच गत झाली. राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' या अपुऱ्या नाटकाने त्याला मराठी मनात जागा दिली, आणि १९३६ साली होळकरांच्या देणगीच्या साहाय्याने गडावर त्याची समाधी उभी राहिली. २०१२ साली तो पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसविला गेला. २०२५ साली तो हटविण्याची मागणी पुन्हा झाली. समकालीन साधनांत त्याचा आधार नाही, हा आक्षेप इतिहासाच्या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. परंतु वादाच्या दोन्ही बाजूंस कुत्रा कोठेच नव्हता. दगडी कुत्र्याच्या मानापमानाविषयी आपण वर्षानुवर्षे भांडतो, आणि त्याच गावातील जिवंत कुत्र्यास रात्री पोत्यात भरून नेले तर सकाळी कोणी विचारीत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आमच्या जालना जिल्ह्यास लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, गिरडा-सावळदबारा रस्त्याच्या कडेच्या जंगलात, तोंडे आणि पाय बांधलेली नव्वदीच्या घरातील मेलेली कुत्री सापडली. वर्तमानपत्रांत चार दिवस बातमी आली आणि विरली. तिच्यावर कोणी नाटक लिहिले नाही.

येथे एक घरची आठवण सांगणे मला भाग आहे. परतूर तालुक्यातील माझ्या आजोळी मामांची एक कारवानी कुत्री होती. लांब पायांची, चिंचोळ्या तोंडाची, सशामागे वाऱ्यासारखी धावणारी ही जात मराठवाड्यास परकी नाही. ती व्याली; सात पिले झाली. दोन नर ठेवावयाचे असे आधीच ठरले होते, कारण नराला गिऱ्हाईक असे. उरलेली पाच पिले पाटीत घालून मामा सूर्योदयापूर्वी दुधनेच्या डोहाकडे गेले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. 'मामा, बाकीची कुठं गेली?' असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, 'दिली बाळा, लोकांना दिली.' त्या दिवशी ते जेवले नाहीत. आजीने काही न बोलता कुत्रीपुढे दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली. कुत्री चार दिवस पाटी हुंगत होती.

मामा क्रूर नव्हते. त्यांच्या हातून बैलावर कधी चाबूक ओढला गेला नाही. तरी ते खोटे बोलले, आणि ते का खोटे बोलले, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले. जे केले ते सांगण्यास भाषा नव्हती. 'दिली' हा एकच सभ्य शब्द त्यांना सापडला.

शब्दांचा हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. रस्त्यावरील कुत्र्यास आपण 'भटका' म्हणतो. वास्तविक तो भटकत नाही. एका आळीत जन्मतो, तेथेच राहतो, आणि दुसऱ्या आळीत शिरला तर तेथील कुत्री त्यास फाडतात. आपण त्यास 'बेवारस' म्हणतो. पण त्याच्या आईस किंवा आजीस कधी काळी कोणी तरी पाळले, आणि मग सोडून दिले, हे त्या शब्दाच्या पोटात दडून राहते. आणि आता 'दयामरण' हा शब्द आला आहे. असाध्य वेदनेने तळमळणाऱ्या जनावरास वैद्याने शांतपणे मरण द्यावे, यास हा शब्द शोभतो. परंतु जागा नाही, खर्च नाही, गिऱ्हाईक नाही, म्हणून धडधाकट जनावर मारावयाचे आणि त्यासही दयामरण म्हणावयाचे, ही दया कोणावर? अमेरिकेतील आश्रयस्थानांत कुत्री-मांजरे अजूनही वर्षास लाखांच्या संख्येने मारली जातात आणि त्यास 'झोपविणे' म्हणतात. मामांचे 'दिली' आणि तेथील 'झोपविले' यांत मला फारसे अंतर दिसत नाही. मामा निदान उपाशी राहिले.

आश्चर्य असे की, जे वाक्य साहित्यिकाने लिहावयास हवे होते ते एका सरकारी नियमावलीत सापडते. १९६० च्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक कायद्याने हृदयात कुचल्याचे विष टोचून कुत्री मारणे हा गुन्हा ठरविला, पण त्याच कलमात विषारी वायूच्या कोठडीत मोकाट कुत्री मारण्याची वाट उघडी ठेवली. २००१ साली आलेल्या नियमांनी निर्बीजीकरण करून, लस टोचून, कुत्र्यास त्याच्याच जागी परत सोडण्याची पद्धत घातली. २०२३ च्या नव्या नियमांनी तीच पुढे चालविली. मरण द्यावयाचे ते केवळ असाध्य रोगाने वा प्राणांतिक जखमेने पीडलेल्यास, आणि तेही तज्ज्ञ पशुवैद्याने तपासल्यावर. २००१ च्या नियमांत यापुढे एक छोटासा आदेश आहे: एका कुत्र्यादेखत दुसऱ्या कुत्र्यास मारू नये. पहाणाऱ्या कुत्र्यास काही वाटते, हे या रुक्ष आदेशाने गृहीत धरले आहे. निष्ठेच्या शेकडो कथांत कुत्र्याच्या मनाची एवढी दखल मला आढळत नाही.

या प्रश्नावर विचारवंत म्हणून सर्वांत निर्भयपणे लिहिले ते गांधींनी. १९२६ साली अहमदाबादेतील गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी पिसाळल्याच्या भीतीने सुमारे साठ कुत्री मारविली, आणि गांधींनी त्यांचा पक्ष घेतला. अहिंसावादी वाचकांचा मोठा क्षोभ झाला. गांधींचे म्हणणे असे की, मालक नसलेला कुत्रा ही समाजाच्या बेफिकिरीची खूण आहे. ओसरीवरून उष्टा तुकडा फेकणे ही स्वस्त दया आहे. ज्यास दया करावयाची असेल त्याने त्यास घरी पाळावे किंवा पांजरपोळ चालवावा. १९२८ साली आश्रमातील एका असाध्य वासरास त्यांनी विषाची सुई देवविली आणि त्याचा जाहीर जबाब दिला. ते 'दिले' असे म्हणाले नाहीत, मारले असेच म्हणाले. त्यांच्या निर्णयाशी मी सर्वस्वी सहमत नाही. लस आणि शस्त्रक्रिया ही साधने आज आपल्या हाती आहेत. त्यामुळे साठ कुत्र्यांची गोष्ट आज निराळ्या मापाने तोलावी लागेल. पण त्यांचा प्रांजळपणा अनुकरणीय आहे.

कोणी म्हणेल, ज्यांच्या मुलास कुत्र्याने फाडले त्यांच्यापुढे हा शब्दविचार कशास? आक्षेप खरा आहे. जगात अलर्क रोगाने जे मरतात त्यांतील सुमारे एकतृतीयांश भारतीय असतात, आणि त्यांत लहान मुले पुष्कळ. सरमेच्या शापातील अदृष्ट भय ते हेच, असे कधी कधी मनात येते. कुत्र्याच्या प्रेमात या मुलांस विसरणारा लेखक मला कुत्र्याचाही मित्र वाटत नाही. परंतु भयाने घेतलेला निर्णय बहुधा टिकत नाही. मुंबईत १८३२ साली सरकारने कुत्री मारण्यास बक्षीस लाविले, तेव्हा पारशी समाजाने दंगल केली आणि बाजार बंद पाडले. दोन वर्षांनी तेथे पांजरपोळ निघाला. कुत्री मात्र अद्याप आहेतच. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सर्व कुत्री आश्रयस्थानांत डांबण्यास सांगितले, २२ ऑगस्टला तो आदेश सौम्य केला, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून ती हलविण्यास सांगितले. या उलथापालथीत एक प्रश्न मागेच राहिला: ही कुत्री येतात कोठून?

याचे उत्तर बाजारात आहे. जालना नगरपालिका २०२३ साली महानगरपालिका झाली. शहराबरोबर शहराची हौसही वाढली. उन्हाळ्यात जेथे माणसाच्या जिवाची काहिली होते तेथे हिमप्रदेशातील दाट केसांचा कुत्रा दारात बांधलेला दिसतो. चपट्या तोंडाची एक जात तर अशी की, मुद्रा गोजिरी दिसावी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिचे नाक आखूड करीत नेले, आणि आता तिला धड श्वासही घेता येत नाही. कारवानी कुत्रा शिकाऱ्याने घडविला. त्याचे रूप त्याच्या कामातून आले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार संपली, आणि तोही आता मिरविण्याची वस्तू होऊ लागला आहे. २०१७ च्या नियमांनी पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी आणि आठ आठवड्यांआतील पिलू विकू नये, असे ठरविले. पण पिलू घेणाऱ्यांपैकी नोंदणीचा कागद मागणारा गृहस्थ मला अद्याप भेटावयाचा आहे. हौस फिटली की तेच जनावर शहराबाहेरील रस्त्यावर सोडतात. उद्याच्या 'बेवारसा'चा जन्म तेथे होतो.

माझे मत थोडक्यात असे. वेदना असाध्य असेल तर मरण देणे हे कर्तव्य आहे आणि ते टाळणे ही भेकड दया आहे. पिसाळलेल्या जनावराविषयी दुमत नसावे. परंतु निरोगी जनावरास केवळ ते अधिक झाले म्हणून मारणे हा आपल्या हिशेबातील चुकीचा दंड दुसऱ्यास करणे होय. म्हणून पहिला जाब मरण देणाऱ्यास नव्हे, तर जन्म देवविणाऱ्यास विचारावयास हवा. मग सोडून देणाऱ्यास. आणि त्यानंतर, निर्बीजीकरणाचे काम कागदावर पुरे करणाऱ्या अधिकाऱ्यांस.

आणि लेखकांस? व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये वानरांस वानर राहू दिले. त्यांचे रूपक केले नाही. कुत्र्यास ते भाग्य लाभावे. कोणी तरी त्या पाटीची गोष्ट 'दिली' या शब्दाचा आडोसा न घेता लिहावी. मामा आता नाहीत. त्यांच्यावर मला दोष ठेवावयाचा नाही. पण त्या पहाटे त्यांनी मला खरे सांगितले असते, तर मी रडलो असतो, आणि पुढच्या वेताच्या वेळी कदाचित घरात दोन शब्द बोलणे तरी झाले असते. सरमेने विचारलेल्या प्रश्नास उत्तर देणे आपल्या हाती नसेल. तो प्रश्न ऐकू आला, एवढे तरी कबूल करावे.