'आमुचं' या शब्दाची जबाबदारी

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनाबद्दल बोलताना लेखिकेच्या जिद्दीला दाद दिली जाते आणि चर्चा तिथेच थांबते. फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून त्यांनी हे घरच्यांच्या नकळत लिहिले आणि वीस वर्षे लपवून ठेवले. नुसत्या जिद्दीवर एवढा काळ निभत नाही. त्यांच्या लेखणीवर समाजाचे देणे होते आणि ते शीर्षकातच आहे : 'आमुचं'. स्वतःच्या संसारातला मार त्यांनी पुस्तकाबाहेर ठेवला. महारवाड्यातील बायांचे भोग मात्र उघड मांडले. बाबासाहेबांमुळे शिकून वस्तीला विसरलेल्यांनाही त्यांनी जाब विचारला. तो अधिकार त्यांना या देण्यानेच दिला.

मी घरातला पहिला पदवीधर. माझ्या वर्गातील मुली म्हणतात, "सर, आम्हांला लिहिता येत नाही." ही मर्यादा व्यवस्थेने त्यांच्या मनात पेरली आहे. आत्मविश्वासावरील व्याख्यानांनी ती उपटली जाणार नाही. आपले लिहिणे कोणाच्या तरी उपयोगाचे आहे, त्याची कोणीतरी वाट पाहत आहे, हे त्यांना कळले पाहिजे. ते कळवण्याचे काम आपण शिकलेल्यांचे आहे. बेबीताईंनी जाब विचारला तो आपल्यालाच.