विद्यापीठ ग्रंथालयातील इलेक्ट्रॉनिक शोधप्रबंधांचे व्यवस्थापन : मराठी प्रबंधांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

एकेकाळी पीएच.डी.च्या शोधप्रबंधाची बांधीव प्रत विद्यापीठ ग्रंथालयाच्या कपाटात जात असे आणि ती पाहण्यासाठी परगावच्या अभ्यासकास प्रवास करावा लागे. ही अडचण इलेक्ट्रॉनिक प्रबंधांमुळे दूर होऊ लागली. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे अनिवार्य केले. भारतात म्हैसूर विद्यापीठाने 'विद्यानिधी' या प्रकल्पाद्वारे या दिशेने आरंभीचे पाऊल टाकले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. २०१६ च्या विनियमांनुसार पदवी जाहीर होण्यापूर्वीच ही प्रत इन्फ्लिबनेट केंद्राकडे पाठविणे आवश्यक ठरले. गांधीनगर येथील या केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत.

ही उपलब्धी निर्विवाद आहे. तथापि प्रबंध जमा होणे आणि प्रबंधाचे व्यवस्थापन होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथाची त्याच्या वाचकाशी गाठ पडली पाहिजे आणि वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, हे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीतील दोन निकष होत. या निकषांवर मराठीतील इलेक्ट्रॉनिक प्रबंधांची स्थिती तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दिसणारा, पण न सापडणारा मजकूर :

मराठीतील अनेक प्रबंध युनिकोड प्रचलित होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलिखित झालेले आहेत. अशा फाँटमध्ये डोळ्यांना देवनागरी अक्षर दिसते, परंतु संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह असते. त्याची पीडीएफ प्रत वाचता येते, छापता येते. मात्र त्यात 'लोकनाट्य' किंवा 'पाणलोट' हा शब्द शोधला असता हाती काहीच लागत नाही. केवळ स्कॅन केलेल्या प्रबंधांची अवस्था याहून वेगळी नाही, कारण तेथे मजकूर नसून पानांची छायाचित्रेच असतात. शिवाय प्रबंध प्रकरणनिहाय स्वतंत्र फाइलींमध्ये ठेवला जातो. त्यामुळे हवा असलेला संदर्भ कोणत्या प्रकरणात आहे, हे एकेक फाइल उघडूनच पाहावे लागते.

मजकूर शोधता येत नसेल, तर सारी भिस्त नोंदीवर, म्हणजेच मेटाडेटावर येऊन पडते. तेथेही उणिवा आहेत. मराठी प्रबंधाचे शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, तर कधी केवळ इंग्रजी भाषांतरात नोंदविले जाते. रोमन लिपीत 'ग्रामीण' या शब्दातील दीर्घ ईकार कोणी 'आय'ने लिहितो, तर कोणी दोन 'ई' वापरतो. मार्गदर्शकाचे नाव एका नोंदीत पूर्ण व दुसऱ्या नोंदीत आद्याक्षरांनी येते. परिणामी एकाच विषयावरील किंवा एकाच मार्गदर्शकाकडील प्रबंध एकत्र येत नाहीत. हा दोष प्रणालीचा म्हणता येणार नाही. शोधगंगेसाठी वापरली जाणारी डीस्पेस ही प्रणाली देवनागरी नोंद स्वीकारते. उणीव आहे ती नोंदीच्या शिस्तीची.

परिणामांचे गांभीर्य :

या त्रुटींचा पहिला फटका विषयनिवडीस बसतो. पूर्वी झालेले काम न सापडल्याने त्याच विषयाची पुनरावृत्ती होते आणि 'या विषयावर संशोधन झालेले नाही' असे विधान प्रामाणिकपणे, परंतु चुकीने केले जाते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना ग्राह्य मानले आहे. परंतु ज्यांच्याशी तुलना करावयाची ते जुने मराठी प्रबंधच संगणकास वाचता येत नसतील, तर साम्याची अल्प टक्केवारी मौलिकतेचा पुरावा ठरू शकत नाही. अशा वेळी प्रमाणपत्र मिळते, पण तपासणी झालेली नसते. यात नुकसान होते ते प्रामाणिक संशोधकाचे, कारण त्याचे श्रम उचलले गेले तरी ते उघडकीस येत नाही.

उपाययोजना :

ग्रंथालयांतील अपुरे मनुष्यबळ ही वस्तुस्थिती आहे. तरीही पुढील गोष्टी मोठ्या खर्चाविना शक्य आहेत. पीडीएफबरोबर युनिकोडमधील मूळ फाइल स्वीकारावी. शीर्षक, सारांश व विषयसूचक शब्द देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही रूपांत घ्यावेत. मार्गदर्शकांच्या नावांची प्रमाणित सूची ठेवावी. जुन्या स्कॅन प्रतींसाठी टेसरॅक्टसारख्या मुक्त अक्षरओळख प्रणालीचा वापर करावा. तिच्यात मराठीची सोय आहे. मुख्य म्हणजे सदोष प्रत परत पाठविण्याचा अधिकार ग्रंथपालास असावा. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. पदवी बंद झाली आहे. त्या पदवीचे जे प्रबंध केवळ कागदावर उरले आहेत, त्यांचे संगणकीकरणही प्राधान्याने व्हावे.

समारोप :

अपलोड केलेल्या प्रबंधांची संख्या हा व्यवस्थापनाचा एक निकष आहे, एकमेव निकष नव्हे. वर्षानुवर्षांच्या परिश्रमातून सिद्ध झालेला प्रबंध पुढच्या अभ्यासकाला त्याच्या भाषेत शोधून सापडला, तरच ग्रंथालयाचे कार्य पूर्ण झाले असे म्हणता येईल. अन्यथा कपाटाचे कुलूप निघाले, तरी प्रबंध पूर्वीइतकाच बंदिस्त राहील.