अध्यक्षांचा निर्णय आणि एरंडोलचा मतदार

विधानसभेच्या अध्यक्षांचा निर्णय आमच्याकडे कोणी वाचीत नाही. तो कोणाच्या बाजूने लागला एवढेच विचारले जाते. वस्तुतः असा निर्णय हाही एक लेख होय, आणि त्याची परीक्षा त्यातील युक्तिवादावरूनच झाली पाहिजे. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी शिवसेनेतील फुटीविषयी दिलेला निर्णय याच दृष्टीने पाहू.

आम्हां खानदेशकरांस तो परका नाही. जून २०२२ मध्ये ज्या सोळा आमदारांना अपात्र ठरविण्याची मागणी प्रथम झाली, त्यांत एरंडोलचे चिमणराव पाटील होते.

निर्णयाची मांडणी रेखीव आहे, हे मान्य केले पाहिजे. खरा पक्ष कोणता हे ठरविण्यास पक्षाची घटना, नेतृत्वाची रचना आणि विधिमंडळातील बहुमत अशा तीन कसोट्या घेतल्या आहेत. २०१८ ची घटना निवडणूक आयोगाच्या दप्तरी नाही, म्हणून १९९९ ची ग्राह्य धरली. नेतृत्वाच्या रचनेवरून उलगडा होईना, तेव्हा बहुमत निर्णायक मानले. अखेर दोन्हीं गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही.

दोष आहे तो या शेवटच्या पायरीत. आमदारांनी पक्ष सोडला काय, हा मूळ प्रश्न. आणि त्याचे उत्तर त्याच आमदारांची डोकी मोजून दिले गेले. ज्याच्या वर्तनाचा निवाडा करावयाचा, त्याचीच साक्ष निर्णायक मानण्यासारखे हे झाले. केवळ विधिमंडळातील संख्याबळावर विसंबू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी बजावले होते. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मिळणारे संरक्षणही २००३ च्या घटनादुरुस्तीने काढून टाकले होते. संख्येचा आधार असा दारातून घालविल्यावर तो खिडकीतून आत यावा, हे उचित नव्हे.

दुसरा दोष काळाचा. निकाल दीड वर्षाने लागला, तोही न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. तोवर २०१९ साली निवडलेल्या विधानसभेचे एक वर्षही पुरते उरले नव्हते. आमदार पात्र ठरो वा अपात्र, आपला प्रतिनिधी कायद्याने आपला आहे की नाही, हे एरंडोलच्या मतदारास वेळेवर कळावयास हवे होते. नियमांचा वाद सभागृहात चालतो खरा. त्याची किंमत मात्र मतदाराला द्यावी लागते.